आवाज वाढला आणि हेडक्लार्क गेले

हेडक्लार्कांनी शुक्रवारची रजा टाकली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत (अजून पुरती पंचवीस झाली नव्हती, दोन महिने कमी होते, पण ते स्वतः पंचवीसच सांगत) त्यांनी आजारपणासाठीसुद्धा सहसा रजा घेतली नव्हती. त्यांचा ताप पाणीपुरवठा खात्यातल्या टेबलावर बसूनच चढायचा आणि तिथेच उतरायचा. त्यामुळे साहेबांनी अर्जावरचं कारण दोनदा वाचलं. कारण होतं, "घरगुती तांत्रिक काम".

"म्हणजे काय हो?"

"कॉम्प्युटरमधून हेडफोनला आवाज कमी येतोय, साहेब. वाढवायचाय."

"कुणाचा?"

"बायकोचा."

"बायकोचा आवाज वाढवायला रजा घेणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आता हेडफोन बायकोचा होता हे खरं, आणि तो चैनीसाठी नव्हता हेही खरं. हेडक्लार्कांची बायको घरी बसून टायपिंगचं काम करायची. लोक ध्वनिमुद्रणं पाठवायचे, कुणाचं व्याख्यान, कुणाची मुलाखत, कुठल्या सभेतली भांडणं, आणि ती ते कानाने ऐकून शब्दन् शब्द टाईप करून द्यायची. गेल्या आठवड्यात एका मोठ्या संशोधन संस्थेने तिला नमुन्याचं काम पाठवलं होतं. चाळीस मिनिटांचं व्याख्यान. शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचं, आणि पसंत पडलं तर वर्षभराचं काम पक्कं. व्याख्याते होते एक म्हातारे प्राध्यापक. त्यांनी उभा जन्म गांडुळांचा अभ्यास केला होता आणि ते बोलायचेही असे की शेजारी एखादं गांडूळ झोपलं असावं.

त्यात जुन्या हेडफोनचा डावा कान गेला. नवा आणला, तर त्यातून प्राध्यापक विहिरीच्या तळाशी, तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारखे यायला लागले.

"मी कॉम्प्युटरवाल्याला फोन करते," बायको गुरुवारी सकाळी म्हणाली होती.

हे वाक्य हेडक्लार्कांच्या फार जिव्हारी लागलं.

"घरात मी असताना?"

"तुम्ही आहात म्हणूनच लवकर करते."

घरातल्या वस्तू आपण दुरुस्त करतो याचा हेडक्लार्कांना विलक्षण अभिमान होता. त्यांच्या हाताखालून गेलेला मिक्सर फक्त तिसऱ्या नंबरवर चालायचा, आणि तोही झाकण उडवून. बैठकीच्या खोलीतला पंखा लावायचा तर आधी बाथरूमचा दिवा लावावा लागायचा. पाहुण्यांना याचं नवल वाटायचं, हेडक्लार्क म्हणायचे, "चालतोय ना?" आणि पंखा खरोखरच चालत असल्यामुळे पाहुणे गप्प बसायचे.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बायको कामाला बसली. अकरापर्यंत ती अठराव्या मिनिटाला पोचली आणि तोवर एकतीस जागा मोकळ्या सुटल्या होत्या. एकतिसाव्या जागी प्राध्यापक "ओलावा" म्हणाले की "गोडवा" म्हणाले हे सोळा वेळा ऐकूनही कळेना, तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, पायांत चपला सरकवल्या आणि पिशवी घेतली.

"मैत्रिणीकडे जाऊन तिचा हेडफोन घेऊन येते. जायला यायला दीड तास. तोवर कशालाही हात लावू नका."

"मी रजा कशासाठी घेतलीय मग?"

"विश्रांतीसाठी घेतली असं समजा. निदान माझ्या फाईलला तरी हात लावू नका."

"फाईलला नाही लावणार. शब्द देतो."

(हा शब्द त्यांनी पाळला. हेडक्लार्कांबद्दल पुढे बरंच काही सांगायचं आहे, म्हणून ही गोष्ट आधीच त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलेली बरी.)

जिन्यावरून बायकोची पावलं उतरून गेली आणि हेडक्लार्क खुर्चीत बसले. बसताना त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. कॉम्प्युटरच्या कामात बाह्यांचा तसा काही अडथळा होत नाही, पण काम अंगावर घेतल्यासारखं वाटतं. पिन काढून त्यांनी रुमालाने पुसली, भोकात फुंकर मारली, परत खोचली. मग आवाजाची पट्टी बघितली. ती आधीच शंभरावर होती.

शंभर! हेडक्लार्कांना राग आला. शंभराच्या पुढे जायचं नाही हा नियम परीक्षेच्या मार्कांना ठीक आहे, यंत्राला कशाला? त्यांनी शोधाशोध केली आणि अर्ध्या तासात त्यांना आवाज पाचशे टक्क्यांपर्यंत नेणारा एक प्रोग्राम सापडला. त्यात एक पट्टी होती. शंभरापर्यंत ती हिरवी होती, पुढे पिवळी, चारशेनंतर लाल.

तेवढ्यात कॉम्प्युटरने विचारलं, आवाज कुठे पाठवू? समोर यादी आली. एक नाव साधं होतं. दुसरं "बिनवायरच्या वस्तू" या मथळ्याखाली होतं; त्यात काही इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते आणि त्याच्यापुढे हेडफोनचं सुबक छोटं चित्र होतं. हा हेडफोन तर वायरने जोडलेला. मग बिनवायरच्या वस्तूंच्या यादीत तो कशाला येईल, असा प्रश्न तुमच्याआमच्या मनात येईल. हेडक्लार्कांच्या मनात तो आला नाही. चित्र हेडफोनचं आहे, म्हणजे हा हेडफोनच. त्यांनी दाबलं. "जोडले" अशी अक्षरं उमटली, आणि त्यांना एखादी जुनी फाईल सापडल्याचा आनंद झाला.

आता आवाज तपासायला आवाज हवा. बायकोच्या फाईलला हात लावायचा नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपणच बोलून मुद्रित करायचं.

पण बोलायचं काय? "हॅलो, एक, दोन, तीन" हे त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेला माणूस आकडे म्हणेल? आणि गेले कित्येक दिवस एक भाषण त्यांच्या डोक्यात आपोआप तयार होत होतं. दोन महिन्यांनी पंचवीस वर्षं भरणार. ऑफिसात सत्कार होणार. साहेब उठून बोलणार. काय बोलतील? साहेबांना ऐन वेळी सुचत नाही, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. म्हणून हेडक्लार्कांनी साहेबांच्या वतीने, साहेबांच्याच बसक्या, घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"मित्रहो, आज आपण इथे कशासाठी जमलो आहोत हे सांगताना माझा कंठ दाटून येतो आहे. पाणीपुरवठा खात्याचे हेडक्लार्क, आपल्या सगळ्यांचे लाडके हेडक्लार्क! पंचवीस वर्षं अखंड सेवा केलेला असा माणूस पुन्हा होणे नाही. उद्या ते या टेबलावरून उठले, तर जी पोकळी निर्माण होईल ती कधीच भरून निघणार नाही. या साऱ्या काळात त्यांच्या मागे त्यांची पत्नी खंबीरपणे उभी राहिली. आज शब्द अपुरे पडत आहेत."

इथे त्यांना खरोखरच भरून आलं. स्वतःविषयी इतकं मनापासून बोललेलं त्यांनी यापूर्वी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी नाक ओढलं, तेही मुद्रित झालं.

मग हेडफोन चढवला, भाषण पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी सोय केली आणि सुरू केलं.

कानात काहीच आलं नाही. त्यांनी पट्टी दोनशेवर नेली. काही नाही. तीनशे. काही नाही. हेडक्लार्कांनी डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकवली, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर गच्च दाबला आणि मन एकाग्र केलं. मग एक डोळा उघडून चारशे, आणि शेवटी लाल पट्टीच्या पार टोकाला, पाचशे.

त्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या झाडामागे एक बिनवायरचा स्पीकर ठेवला होता. पेशंटांची भीती जावी म्हणून त्यातून दिवसभर समुद्राच्या लाटांचा मंद आवाज यायचा. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या फोनची बॅटरी संपली, लाटा थांबल्या, आणि स्पीकर बिचारा नव्या मालकाच्या शोधात मोकळा बसला होता. त्याला हेडक्लार्क मिळाले.

बाहेरच्या खोलीत तिघं बसली होती. समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची कवळी दुरुस्तीला आत गेली होती आणि ते तोंड मिटून वाट बघत होते. कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांना हिरडीत इंजेक्शन दिलं होतं आणि अर्धा चेहरा बधिर होण्याची त्या वाट बघत होत्या. तिसरा एक बसड्रायव्हर. त्याच्या दाढेत सिमेंट भरायचं होतं. डॉक्टरीणबाई आत कवळीवर यंत्र चालवत होत्या, त्या घरघरीत त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

आणि अचानक भिंती हादरवत एक घोगरा आवाज उठला. मजल्याच्या स्लॅबमुळे जोडणी तुटून मधली वाक्यं गळत होती, पण जी येत होती ती अशी:

"कंठ दाटून येतो आहे... पाणीपुरवठा खात्याचे हेडक्लार्क... असा माणूस पुन्हा होणे नाही... जी पोकळी निर्माण होईल ती कधीच भरून निघणार नाही..."

बसड्रायव्हर ताडकन उठला. "बाईंनी तर मला सांगितलं होतं की वीस मिनिटांत भरून होईल," असं पुटपुटत तो गालावर हात ठेवून निघून गेला.

"त्यांच्या मागे त्यांची पत्नी..." असं म्हणून आवाज तुटला आणि कुणीतरी नाक ओढलं.

पाणी येणार नसलं की पाणीपुरवठा खात्याची गाडी भोंगा लावून गल्लीतून जाहीर करत फिरायची. पोस्टमास्तरांना वाटलं, गाडीच आली. खात्याने आपल्या माणसाची बातमी आपल्या गाडीवरून दिली, यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. पाण्याच्या तक्रारीसाठी खात्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. त्यांनी तो लावला.

"हेडक्लार्क गेले हो! आमच्या फमोरचे! होय, फ्पष्ट ऐकलं!"

पलीकडून दोनदा विचारलं गेलं, दोनदा त्यांनी तेच सांगितलं. मग शिवणवाल्या बाईंना सोबत घेऊन ते जिना चढायला लागले. पाच पायऱ्या चढले असतील नसतील, तोच मागून हेडक्लार्कांची बायको, उसना हेडफोन पिशवीत घालून, झपाझप वर आली.

शिवणवाल्या बाईंनी तिला मिठीच मारली. त्यांचा अर्धा चेहरा आता पुरता बधिर झाला होता आणि अश्रू उरलेल्या अर्ध्यावरून वाहत होते.

"वहिनी, धीव धवा!"

"काय धुवा?"

"धीव! धीव!"

पोस्टमास्तर पुढे झाले. "वहिनी, हेडक्लार्क गेले."

"गेले? कुठे गेले? मी घरातच बसा म्हणून सांगून गेले होते."

पोस्टमास्तरांनी बोट वर केलं.

"वर? म्हणजे घरातच आहेत ना? मग ठीक आहे. कशाला हात तर नाही ना लावला त्यांनी?"

"आता कशाला लावणार?" पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

"तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत नाही," बायको म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. मागून ही दोघं. तिने कुलपात किल्ली फिरवली, दार उघडलं.

खिडकीजवळच्या टेबलापाशी, दाराकडे पाठ करून, हेडक्लार्क खुर्चीत बसले होते. मान छातीवर कलली होती. हात कानांवर होते. हालचाल नव्हती.

"अहो," बायकोने हाक मारली.

उत्तर नाही.

आता मात्र जिन्यातली मिठी, ते वर केलेलं बोट, सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. हातातली पिशवी खाली पडली. "अहो!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पोस्टमास्तरांनी भिंत धरली. एरवी जिला कुणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, तिचा तो आवाज पाचशे टक्क्यांच्याही पुढचा होता.

आणि हेडक्लार्कांनी डावा हात कानावरून काढला, एक बोट वर केलं आणि मागे न बघता म्हणाले, "थांब गं. आत्ता कुठे काहीतरी यायला लागलंय."

शिवणवाल्या बाईंनी अर्ध्या तोंडाने किंकाळी फोडली. पोस्टमास्तर मटकन स्टुलावर बसले. बायको पुढे गेली, तिने खुर्ची धरून गर्रकन फिरवली, नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?" पण हे म्हणताना तिने त्यांचे खांदे सोडले नाहीत.

"ही एवढी मंडळी कशाला आली आहेत?" हेडक्लार्कांनी विचारलं.

याचं उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्या आतून कवळी घेऊन बाहेर आल्या, तर खोली रिकामी आणि प्लास्टिकचं झाड भाषण करतंय. त्या तोंडावरचा मास्क तसाच ठेवून वर आल्या होत्या.

"वरून कुणी माझ्या स्पीकरवर श्रद्धांजली लावलीय का?"

"श्रद्धांजली?" हेडक्लार्क दचकले. "सत्कार आहे तो! माझा!"

मग सगळा उलगडा झाला. हेडक्लार्क पाठोपाठ लाल, पांढरे आणि परत लाल झाले. पण ते फार वेळ खजील राहणाऱ्यांपैकी नव्हते. दोन मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली.

"पण काय हो, तुम्ही रडलात?" त्यांनी शिवणवाल्या बाईंना विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"आणि पोस्टमास्तर, तुम्ही? चढावर पाणी चढत नाही म्हणून मला महिन्यातून चार पत्रं पाठवणारे तुम्ही?"

"मीफुद्धा," पोस्टमास्तर ओशाळून म्हणाले. "ते 'अफा माणूफ पुन्हा होणे नाही' ऐकलं आणि राहवलं नाही."

हेडक्लार्कांची छाती फुगली. "बघ," ते बायकोला म्हणाले. "वक्तृत्व म्हणतात ते हे."

"मला पाचच्या आत काम पाठवायचंय," बायको म्हणाली. तिने कॉम्प्युटर पुढे ओढला, आवाज परत वायरच्या हेडफोनकडे वळवला. हेडफोन अजून हेडक्लार्कांच्या डोक्यावरच होता.

डॉक्टरीणबाई मात्र वाकून वायरीकडे बघत होत्या. अंधाऱ्या, अरुंद जागेत बारीकसं काहीतरी हुडकण्यातच त्यांची हयात गेली होती.

"हे काय आहे?"

"ती गाठ आहे," हेडक्लार्क अधिकाराने म्हणाले. "वायर शर्टाला अडकवायची असते त्यासाठी."

डॉक्टरीणबाईंनी नखाने खरवडलं. वायरीवरच्या त्या फुगवट्याला "तपासणी पूर्ण" असा चिकट कागद गुंडाळलेला होता. कागद निघाला आणि खाली एक इवलंसं चाक दिसलं. ते पार खालच्या टोकाला होतं. त्यांनी ते अंगठ्याने वर ढकललं.

भाषण अजून चालूच होतं, आणि पट्टी पाचशेवरच होती.

"असा माणूस पुन्हा होणे नाही!" हे वाक्य हेडक्लार्कांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी शिरलं आणि डोक्याच्या मध्यावर एकमेकांवर आदळलं. ते उभे राहिले. खुर्ची आडवी झाली. हेडफोन उडून पोस्टमास्तरांच्या मांडीवर पडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर विजय होता.

"आला!" ते ओरडले. "आवाज आला! म्हटलं नव्हतं मी?"

"हळू बोला," बायको म्हणाली.

"काय?"

"हळू!"

"अळू? कसलं अळू?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानांत डोकावून बघितलं. कान आपल्या खात्यात येत नाहीत, हे सांगून त्या म्हणाल्या की पडदे शाबूत दिसतात, पण आज दिवसभर काही ऐकू येईल असं वाटत नाही. सकाळपर्यंत उघडले नाहीत तर कानवाल्याला दाखवा. हेडक्लार्कांना हे कळलं नाही, त्यामुळे त्यांनी आभार मानले.

सगळे खाली गेले. बायकोने तो पाचशे टक्क्यांचा प्रोग्राम काढून टाकला, चाक मध्यावर आणलं आणि प्राध्यापकांना सुरू केलं. प्राध्यापक समोर बसून बोलत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकू येत होता. ते "ओलावा" म्हणाले होते. एकतीस मोकळ्या जागा वीस मिनिटांत भरल्या, आणि तिची बोटं पुढच्या गांडुळामागे निघाली.

हेडक्लार्क दाराशी स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ओठांवर बोट ठेवून गप्प करत होते. (एकदा त्यांनी स्वतःच मोठ्याने "शांतता!" असं म्हटलं, कारण आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नव्हतं.) पाचला दहा मिनिटं असताना बायकोने काम पाठवलं. सव्वापाचला उत्तर आलं. तिने नवऱ्याला हाताने बोलावलं आणि स्क्रीन दाखवली. संस्थेने लिहिलं होतं, मजकूर निर्दोष आहे, सोमवारपासून वर्षभराचं काम सुरू करावं.

हेडक्लार्कांनी ते तीनदा वाचलं. मग बायकोकडे बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते, केस हेडफोनने चपटे झाले होते, आणि ती हसत होती.

"आपण करून दाखवलं," ते म्हणाले.

बायकोने टाईप केलं, "हो. आपण." पुढे आणखी काही टाईप करणार होती, पण तिने ते तिथेच सोडलं.

त्याच वेळी पोस्टमास्तर आले. कवळी बसली होती, त्यामुळे शब्द खणखणीत होते; पण चेहरा उतरलेला होता.

"वहिनी, एक सांगायचं राहिलं. दुपारी त्या गडबडीत मी यांच्या ऑफिसात फोन केला होता. हे गेले म्हणून. नंतर दुरुस्ती करायला हवी होती, पण त्यांनी परत 'कोण बोलतंय, दात लावून बोला' म्हटलं असतं, म्हणून कवळीसाठी थांबलो. आत्ता फोन लावला, तर पहारेकरी म्हणतो, ऑफिस दुपारीच बंद झालंय."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मग मोठ्या अक्षरांत टाईप केलं: "पोस्टमास्तरांनी दुपारी ऑफिसात कळवलं की तुम्ही वारलात. ऑफिस बंद केलं."

हेडक्लार्क वाचत होते. रागावतील असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"बंद केलं? माझ्यासाठी? अख्खं ऑफिस?" त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे शोकसभा झाली असणार. साहेब बोलले असणार. लेखा विभागातले सगळे वर आले असणार. अगं, फोन लाव साहेबांना! आत्ता लाव!"

"जिवंत आहात एवढं सांगू या आणि ठेवू या," बायको म्हणाली, पण ते ऐकायला कान कुठे होते? तिने साहेबांना फोन लावला, आवाज मोकळा सोडला, आणि फोन टेबलावर ठेवून दोन्ही हात कीबोर्डवर घेतले. साहेब बोलणार, ती टाईप करणार, हेडक्लार्क स्क्रीनवर वाचून उत्तर देणार, असं ठरलं.

"साहेब, मी बोलतोय!" हेडक्लार्क गरजले. "मी आहे! चुकीची बातमी होती!"

स्क्रीनवर अक्षरं उमटली.

साहेब: अरे! तुम्ही आहात? (खुर्ची सरकल्याचा आवाज) बरं झालं. म्हणजे, आनंद झाला.

"साहेब, शोकसभा झाली का?"

साहेब: झाली. दीड वाजता. रीतसर झाली.

"सगळे आले होते?"

साहेब: सगळे. शिपायांपासून लेखा विभागापर्यंत. बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत.

हेडक्लार्कांनी मान ताठ केली आणि पोस्टमास्तरांकडे असं बघितलं, की पोस्टमास्तर आपोआप स्टुलावरून अर्धे उठले. "बसा, बसा," हेडक्लार्क मोठ्या मनाने म्हणाले. मग फोनकडे वाकले.

"आणि साहेब, कोण काय बोललं?"

फोनमधून साहेब बोलायला लागले. बायकोची बोटं चालली आणि थबकली. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो लहान मुलासारखा स्क्रीनकडे डोळे लावून बसला होता.

"अगं, टाईप कर ना! एक शब्द गाळू नकोस."

आजवर तिने कुणाच्या बोलण्यातला शब्द गाळला नव्हता की पदरचा घातला नव्हता. तिने एकदा खिडकीबाहेर बघितलं आणि जसंच्या तसं उतरवलं.

साहेब: मी उभा राहिलो आणि म्हटलं, आपल्या हेडक्लार्कांविषयी ज्यांना दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी पुढे यावं. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मीही आठवत उभा राहिलो. शेवटी मागून शिपाई म्हणाला, साहेब, दोन मिनिटं होऊन गेली, आता बसू का?